सोनेरी लायका इतका स्वस्त कसा?

१/
काळ्या मखमलीवर ठेवलेला, सोनेरी मुलामा दिलेला एक छोटा कॅमेरा. माथ्यावर वळणदार अक्षरांत 'लायका' हे नाव कोरलेले. शेजारी गरुडाचे चिन्ह आणि 'बर्लिन १९३६'. वर्णनात विक्रेता सांगतो की आजोबांनी युद्धानंतर तो जर्मनीतून आणला, वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिला, घरात आता कोणाला त्यातले काही कळत नाही, म्हणून विकायचा आहे. किंमत दोन-तीनशे डॉलर. याच नावाचा खरा सोनेरी कॅमेरा लिलावात काही लाख डॉलरांपर्यंत गेलेला आहे.

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात ही जाहिरात थोड्याफार फरकाने गेली पंचवीस वर्षे दिसते आहे. आजोबा बदलतात, कॅमेरा तोच राहतो. हा थ्रेड त्या कॅमेऱ्याचा, आणि संशय यावा इतक्या कमी किमतीचा इतिहास आहे.

२/
प्रथम खऱ्या वस्तूविषयी. जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ नावाची कंपनी सूक्ष्मदर्शक बनवीत असे. तेथील ऑस्कर बारनाक या तंत्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एक छोटा कॅमेरा घडवला. चित्रपटांसाठी तयार होणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यात आडवी सरके आणि २४ × ३६ मिलिमीटरची चौकट टिपे. १९२४ मध्ये एर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी त्याचे उत्पादन करण्याचा धाडसी निर्णय घेतला आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत तो लोकांसमोर आला. पेटीएवढे कॅमेरे तिकाटण्यावर ठेवून फोटो काढण्याच्या काळात हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावत होता.

(लायका हे नाव 'लाइट्झ' आणि 'कॅमेरा' यांची आद्याक्षरे जुळवून झाले. १९५७ साली अंतराळात गेलेल्या लायका कुत्रीशी त्याचा संबंध नाही. पण या कथेत सोव्हिएत संघ यायचाच आहे.)

३/
१९३२ साली लायका-दोन आला. लेन्स फिरवताच अंतरमापकही तिच्याबरोबर हलावा, आणि दोन प्रतिमा एकावर एक आल्या की चित्र स्पष्ट यावे, अशी त्याची रचना होती. ही रचना जगाला इतकी पटली की पुढची पंचवीस वर्षे देशोदेशी तिच्या नकला होत राहिल्या. जपानमध्ये झाल्या, इंग्लंडमध्ये रीड या नावाने झाली, १९५८ मध्ये शांघायमध्येही झाली. जर्मनी युद्ध हरल्यावर तिच्या पेटंटांना परदेशात संरक्षण उरले नाही, त्यामुळे यांतील बऱ्याच नकला उघडपणे, स्वतःच्या नावाने विकल्या गेल्या.

सर्वांत विलक्षण नक्कल मात्र युद्धाच्या आधीच झाली होती, आणि तीही एका अनाथाश्रमात.

४/
रशियातील यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी लाखो मुले रस्त्यावर आणली. युक्रेनमधील खार्किव शहराजवळ १९२७ च्या अखेरीस अशा मुलांसाठी एक श्रमवसाहत उभी राहिली. तिचे नेतृत्व अंतोन माकारेंको या शिक्षणतज्ज्ञाकडे होते. शिकणे आणि कारखान्यात काम करणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, असे त्यांचे मत. मुलांनी प्रथम विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे बनवली. मग १९३२ मध्ये लायका-दोन खोलून, प्रत्येक भाग मोजून, त्याची नक्कल करण्याचे काम हाती घेतले. १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले.

कॅमेऱ्याचे नाव होते 'फेड'. मराठी वाचकाला यावरून कर्जफेड आठवली तर नवल नाही; पण ती फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे आहेत. हे गृहस्थ सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक. सुरुवातीच्या फेड कॅमेऱ्यांच्या माथ्यावर झेर्झिन्स्कींचे नाव, श्रमवसाहत आणि गाव असा मोठा मजकूर कोरलेला असे.

५/
१९४१ मध्ये जर्मन फौजा खार्किवकडे सरकू लागल्या तेव्हा कारखाना सैबेरियातील बेर्द्स्क येथे हलवावा लागला. युद्धानंतर उत्पादनाला हातभार म्हणून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यानेही हाच कॅमेरा करायला घेतला. आरंभी त्यावर 'फेड' आणि 'झोर्की' अशी दोन्ही नावे होती. पुढे 'झोर्की' एवढेच राहिले. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. दोन्ही मिळून हे कॅमेरे लाखोंच्या संख्येने निघाले.

६/
संख्येकडे लक्ष द्यायला हवे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. पगार थांबले, चलन कोसळले, घरोघरी जुने फेड आणि झोर्की पडून होते आणि त्यांना कोणी विचारत नव्हते. त्याच वेळी पश्चिम युरोप, अमेरिका आणि जपान येथील संग्राहक जुन्या लायकासाठी वाटेल ती किंमत मोजत होते. एकाच साच्याच्या दोन वस्तू; एक जवळजवळ मोफत, दुसरी अतिशय महाग; आणि दोहोंत वरवर पाहता फरक फक्त माथ्यावरच्या अक्षरांचा. कुशल कोरक्यांची त्या प्रदेशात वाण नव्हती.

७/
कृती साधी होती. माथ्यावरची 'फेड' ही अक्षरे घासून काढायची आणि तेथे लायकाची मुद्रा कोरायची. लेन्सच्या कड्यावर 'लाइट्झ एल्मार' लिहायचे. काळे कातडे काढून हिरवे, लाल किंवा सापाच्या कातडीसारखे आवरण चढवायचे, कधी लाकडाचे. मग सोनेरी मुलामा. वर एखादे चिन्ह : ऑलिंपिक, जर्मन नौदल, किंवा 'लुफ्टवाफन-आइगेनटुम', म्हणजे हवाई दलाची मालमत्ता.

हा माल मॉस्कोच्या इझ्मायलोवोसारख्या जुन्या बाजारांत पर्यटकांना विकला जाई. इंटरनेट आल्यावर तो जगभर पोचला.

८/
यातील विनोद असा की फसवणूक करणाऱ्यांनी कल्पनाशक्तीला फार मोकळे सोडले. लाइट्झ कंपनीने १९२९ च्या सुमारास 'लुक्सुस' नावाचे सोनेरी कॅमेरे खरोखरच केले होते. परंतु ते शंभराच्या आतच निघाले. ऑनलाइन बाजारात आजवर दिसलेले सोनेरी 'लायका' मोजले तर त्या गावाने तीस वर्षे दुसरे काहीच केले नसावे असे वाटेल.

हवाई दलाच्या शिक्क्याचेही तसेच. तो शिक्का असलेले खरे कॅमेरे आहेत, पण त्यांतील बहुतांश लायका-तीन-सी या, १९४० पासून निघालेल्या प्रकाराचे आहेत. त्यांचा सांगाडा एकसंध ओतीव धातूचा आणि किंचित लांब. बनावट शिक्का बसतो तो १९३२ च्या रचनेवर, कारण फेड त्याच रचनेची नक्कल.

९/
ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण मात्र बाहेर नाही, आत आहे. लेन्स फिरवून काढली की कॅमेऱ्याच्या तोंडातून वरच्या बाजूस एक बारीक दांडी दिसते. लेन्सची मागची कड या दांडीला ढकलते आणि त्यावरून अंतरमापक चालतो. खऱ्या लायकात या दांडीच्या टोकाला एक गोल, फिरणारे चाक असते. फेड आणि झोर्की यांत तेथे पाचरीसारखा भरीव तुकडा असतो. अक्षरे कोरणे सोपे. हा भाग बदलायचा तर अंतरमापकाचा मेळच नव्याने बसवावा लागतो. तेवढे कष्ट सहसा कोणी घेतले नाहीत.

दुसरी खूण क्रमांकाची. लाइट्झने कोणत्या क्रमांकाचा कॅमेरा कोणत्या प्रकारचा आणि केव्हा बाहेर गेला याच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. बनावट कॅमेऱ्यावरचा क्रमांक त्या वह्यांत अनेकदा भलत्याच प्रकाराचा निघतो.

१०/
येथे मुख्य प्रश्नाकडे वळता येते. वाजवी किमतीच्या दहाव्या हिश्शात वस्तू मिळते आहे, हे ग्राहकाला दिसते. तो मूर्ख नसतो. त्याला शंका येतेच. मग तो पैसे का देतो?

कारण कमी किंमत कधी एकटी येत नाही. तिच्यासोबत ती कमी का आहे हे सांगणारी एक गोष्ट येते. आजोबांची पेटी, घरातील कोणाला न कळणे, युद्धातून आणलेली वस्तू. ग्राहकाला फसवते ती ही गोष्ट. किंमत त्याला फक्त दारापर्यंत आणते. आणि त्या गोष्टीत ग्राहकासाठी एक गोड भूमिका राखलेली असते : विक्रेत्याला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. प्रत्यक्षात नेमके उलटे असते.

११/
किमतीला कारण पुरवण्याचा हा उद्योग बनावट लायकापेक्षा जुना आहे, आणि त्याचे एक मोठे केंद्र न्यूयॉर्क होते.

तेथील कॅमेऱ्यांची टपाल-विक्री करणारी दुकाने छायाचित्रणाच्या मासिकांत पानेच्या पाने जाहिराती देत. बारीक अक्षरांत शेकडो वस्तू आणि त्यांच्या किमती. यांतील अनेक दुकाने सचोटीची होती आणि त्यांनी साध्या माणसाला चांगला कॅमेरा परवडेल असे केले, हे आधी नोंदवले पाहिजे. काहींची रीत मात्र वेगळी. जाहिरातीतील किमतीला कॅमेरा मागितला की तो नुकताच संपलेला असे. किंवा मिळे, पण पट्टा, बॅटरी, चार्जर, झाकण या कंपनीने खोक्यात दिलेल्याच गोष्टींचे वेगळे पैसे लागत. आमिष एका वस्तूचे, गळ्यात दुसरी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा आमिषी जाहिरातींविरुद्ध १९५९ मध्येच मार्गदर्शक नियम केले होते. त्यानंतरही ही रीत काही दशके टिकली.

१२/
पण सगळी स्वस्ताई खोटी नसते, आणि हाच भाग अवघड आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी डॉलर इतका महाग झाला की जपानी कॅमेरा हाँगकाँगमध्ये विकत घेऊन अमेरिकेत आणणे हे अधिकृत वितरकाकडून घेण्यापेक्षा स्वस्त पडे. माल अस्सल, कारखाना तोच. फक्त अमेरिकेतील हमी नाही. यालाच 'ग्रे मार्केट' म्हणतात. भारतातील छायाचित्रकारांच्या बोलण्यातही हा शब्द रुळला आहे. वितरकांनी न्यायालयात धाव घेतली. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध दुकान 'फॉर्टी-सेव्हन्थ स्ट्रीट फोटो' या खटल्यात पक्षकार होते. १९८८ मध्ये 'के-मार्ट विरुद्ध कार्तिये' या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा आयातीचा बराच भाग वैध ठरवला.

म्हणजे त्या काळात कमी किमतीमागचे कारण खरेही असू शकत होते. प्रामाणिक दुकानदार आणि लबाड दुकानदार एकच वाक्य बोलत : "आम्ही थेट आयात करतो, म्हणून स्वस्त." टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला दोघांतील फरक कळण्याचा मार्ग नव्हता.

१३/
इंटरनेटने या दुकानांना नवे आयुष्य दिले. किमतींची तुलना करून देणारी संकेतस्थळे निघाली आणि सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याचे नाव आपोआप वर येऊ लागले. २००५ च्या अखेरीस एका अमेरिकी छायाचित्रकाराने ब्रुकलिनमधील अशा एका दुकानाचा अनुभव आपल्या ब्लॉगवर लिहिला. कॅनन कंपनीचा ५-डी तेव्हा नुकताच बाजारात आला होता आणि त्याची जाहीर किंमत ३,२९९ डॉलर होती. दुकानाने ती पुष्कळ कमी दाखवली. मग 'खात्री करून घेण्यासाठी' फोन, जोडवस्तू घेण्याचा आग्रह, नकार दिल्यावर माल संपल्याची बातमी, आणि हे सगळे लिहीन म्हटल्यावर धमक्या. लेख काही दिवसांत जगभर वाचला गेला.

ब्रुकलिनमधील एका हौशी रहिवाशाने तर अशा दुकानांच्या छापील पत्त्यांवर स्वतः जाऊन फोटो काढले. संकेतस्थळावर झगमगती पेढी. पत्त्यावर बंद शटर, गोदामाचा दरवाजा किंवा पाटीविना इमारत. इतिहासाच्या साधनांत अशा छायाचित्रांची गणना व्हायला हवी.

१४/
या सगळ्यामागचे तत्त्व मांडले ते जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने. त्यांचा १९७० मधला निबंध जुन्या मोटारींविषयी आहे. अमेरिकी बोलीत खराब निघालेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. निबंधाचे नाव 'लिंबांचा बाजार'.

युक्तिवाद कॅमेऱ्यांना जसाच्या तसा लागू पडतो. समजा, बाजारात एकाच प्रकारचे दहा जुने कॅमेरे आहेत. पाच चांगले, १०,००० रुपयांच्या मोलाचे. पाच बिघडलेले, ४,००० च्या मोलाचे. कोणता कसा, हे विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला नाही. ग्राहक सावधपणे सरासरी काढतो आणि ७,००० देऊ करतो. चांगल्या कॅमेऱ्याचा मालक म्हणतो, एवढ्यात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. आता उरलेल्यांत बिघडलेल्यांचे प्रमाण वाढते, ग्राहक आणखी कमी किंमत देतो, आणखी चांगले मालक निघून जातात. शेवटी फक्त लिंबे उरतात.

या हिशेबात प्रत्यक्ष लबाडी अजून आलेलीही नाही. फक्त एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावर बाजार कोसळू शकतो.

१५/
तीन नियतकालिकांनी हा निबंध परत केला. काहींना विषय क्षुल्लक वाटला. एका ठिकाणचा आक्षेप असा होता की हे खरे असेल तर अर्थशास्त्रच वेगळे ठरेल. २००१ मध्ये अकेरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. अर्थशास्त्र खरोखरच वेगळे ठरले होते.

या निबंधाला भारताचाही संदर्भ आहे. अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. बाजारातून आणलेला तांदूळ भारतीय गृहिणीला निवडावा लागतो, कारण त्यात दाण्याच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, हे उदाहरण त्यांनी अप्रामाणिकपणाची किंमत समजावताना दिले आहे. सूप घेऊन बसलेल्या बाईचा वेळ हा त्या खड्यांचा खरा खर्च. तो कोणाच्याही हिशेबवहीत नसतो.

१६/
अकेरलॉफ यांनी उपायही सांगितले होते : हमी, नाममुद्रा, परवाना. म्हणजे ज्याला गमावण्यासारखे काही आहे असा कोणीतरी मधे उभा करायचा. गावच्या बाजारपेठेत आडत्या नेमके हेच करतो. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांना ओळखत नाहीत. दोघेही आडत्याला ओळखतात.

प्रश्न असा की ज्या बाजारात कोणी कोणाला कधी भेटणारच नाही, तेथे आडत्या कोण?

१७/
सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार या संगणक-अभियंत्याने कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाचे पान सुरू केले. पुढे त्याचेच नाव ईबे झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. विक्रेत्याने तो मोडका असल्याचे स्पष्ट सांगितले होते. लिंबांच्या बाजाराचा आरंभ जाहीर केलेल्या लिंबाने व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा.

१९९६ च्या आरंभी ओमिद्यार यांनी अभिप्रायाची सोय केली. व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांविषयी लिहायचे आणि ते सर्वांना दिसायचे. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, हा त्यामागचा विश्वास. अनोळखी माणसाच्या नावापुढे एक आकडा आला आणि त्या आकड्याला प्रतिष्ठेचे मोल आले.

१८/
मोल आले म्हणजे चोरी आली. शेकडो चांगले अभिप्राय मिळवलेल्या एखाद्या जुन्या विक्रेत्याचा पासवर्ड बनावट ईमेलने काढून घ्यायचा आणि त्याच्या नावाने महागड्या लेन्स व कॅमेरे अर्ध्या किमतीत मांडायचे, ही रीत लवकरच रूढ झाली. काल लहान मुलांचे कपडे विकणारी बाई आज एकदम बारा व्यावसायिक कॅमेरे विकते आहे आणि पैसे परदेशात तारेने पाठवा म्हणते आहे, असे दृश्य तेव्हाच्या ग्राहकांना परिचयाचे होते. अमेरिकेत इंटरनेटवरील गुन्ह्यांच्या तक्रारी नोंदवणारे केंद्र २००० मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्या काही वार्षिक अहवालांत सर्वाधिक तक्रारी ऑनलाइन लिलावांच्या होत्या.

अभिप्राय हे माणसाच्या भूतकाळाचे प्रमाणपत्र आहे. समोरच्या खोक्यात कॅमेरा आहे की वीट, हे ते सांगू शकत नाही.

१९/
पुढची पायरी चीनमध्ये पडली, आणि ती एका जुन्या कॅमेऱ्यामुळेच.

मे २००३. सार्सची साथ सुरू होती. हांगझोऊ शहरात जॅक मा यांच्या अलीबाबा कंपनीने 'ताओबाओ' ही लोकांनी लोकांना वस्तू विकण्याची जागा उघडली. प्रतिस्पर्धी खुद्द ईबे. तिने 'ईचनेट' या चिनी कंपनीत हिस्सा विकत घेऊन आधीच पाय रोवले होते. ताओबाओवर माणसे येत, वस्तू पाहत, घासाघीस करत आणि निघून जात. आधी पैसे कोणी पाठवायचे, आधी वस्तू कोणी पाठवायची, यावर गाडी अडे. क्रेडिट कार्ड थोड्यांकडेच, आणि अनोळखी माणसावर भरवसा त्याहून कमी.

२०/
ऑक्टोबर २००३ मध्ये ताओबाओने तोड काढली. ग्राहकाने पैसे विक्रेत्याला न देता ताओबाओकडे ठेवायचे. पैसे आल्याचे कळल्यावर विक्रेत्याने वस्तू पाठवायची. ग्राहकाने खोके उघडून वस्तू बरोबर असल्याचे कळवले की मगच पैसे विक्रेत्याला सुटायचे. या सेवेचे नाव 'अलीपे'.

तिच्यावरचा पहिला व्यवहार होता फुजी कंपनीच्या एका वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचा. किंमत ७५० युआन. विकणारा जपानमध्ये शिकणारा एक चिनी विद्यार्थी, घेणारा शिआन शहरातील एक विद्यार्थी. मधे समुद्र. असे सांगतात की पैसे भरल्यानंतर घेणाऱ्याचा धीर सुटला, त्याने ते परत मागितले, आणि कर्मचाऱ्यांना फोनवरून त्याची समजूत घालावी लागली. घाबरण्यात त्याची चूक नव्हती. परदेशातून, न पाहिलेल्या माणसाकडून, जुना कॅमेरा : संशयाची सगळी कारणे एकत्र होती. कॅमेरा आला, चांगला निघाला, पैसे सुटले.

२१/
एस्क्रो ही कल्पना नवी नव्हती. घरे-जमिनींच्या व्यवहारांत ती पूर्वीपासून आहे. नवे होते ते तिला साडेसातशे युआनच्या वस्तूपर्यंत खाली आणणे. सुरुवातीला यंत्रणाही ओबडधोबड होती : बँकेत भरलेल्या पैशांच्या पावत्या फॅक्सने येत आणि कर्मचारी त्या हाताने जुळवीत. २००४ च्या अखेरीस अलीपे स्वतंत्र कंपनी झाली. २००५ मध्ये तिने फसवणूक झाल्यास पूर्ण भरपाई देण्याची जाहीर हमी दिली. २००६ च्या डिसेंबरात ईबेने चीनमधील आपला स्वतंत्र कारभार आवरला. त्याची कारणे अनेक होती. ताओबाओ विक्रेत्यांकडून शुल्क घेत नव्हती, हे त्यांतील एक मोठे. पण आडत्या कोण, या प्रश्नाचे उत्तर तिने आधी दिले होते, हेही खरे.

या सोयीने 'आजोबांच्या पेटी'ची गरजच संपली. किंमत कमी का आहे, हे विक्रेत्याने पटवून देण्याचे कारण उरले नाही. वस्तू येईल, पाहू, मग पैसे.

२२/
भारतात जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार वेगळ्या वळणाने गेला. येथे तो मुख्यतः छोट्या जाहिरातींचा राहिला : संकेतस्थळ फक्त गाठ घालून देते, पैसे आणि वस्तू यांचे माणसांनी आपसात पाहावे. पुण्याच्या माणसाने पुण्यातच प्रत्यक्ष भेटून, लेन्स काढून, दोन फोटो टिपून कॅमेरा घ्यावा, यासाठी ही पद्धत उत्तम आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि अनोळखी माणसाला पैसे देणे क्षणाचे काम झाले. मधला आडत्या मात्र आला नाही.

या पोकळीत जी गोष्ट रुजली तिचा नायक सैनिक आहे. जाहिरातीत चांगला कॅमेरा, दुचाकी किंवा फ्रीज, निम्म्याहून कमी किमतीत. कारण : 'लष्करात आहे, अचानक बदली झाली, सामान नेता येत नाही.' पुरावा म्हणून गणवेशातील फोटो आणि ओळखपत्र. ते दुसऱ्याच कोणाचे तरी असते. भेटायला बोलावले तर, 'छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नाही, पार्सलने पाठवतो.' मग वाहतुकीचा आगाऊ खर्च, मग आणखी एक शुल्क, मग परत मिळणारी एखादी अनामत. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांनी याविषयी वेळोवेळी सावध केले आहे.

२३/
बनावट लायकावरचा हवाई दलाचा शिक्का आणि या जाहिरातीतील गणवेश यांचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी लष्कराच्या अधिकाराची उसनवारी आहे. फरक असा की शिक्का मोल वाढवण्यासाठी कोरला जाई, गणवेश शंका मिटवण्यासाठी चढवला जातो. आणि लायकाच्या बाबतीत निदान एक चालणारा कॅमेरा हाती पडे.

हेच ठग उलट बाजूनेही येत. ग्राहक म्हणून फोन करायचा, घासाघीस न करता किंमत मान्य करायची आणि 'पैसे पाठवतो' म्हणून प्रत्यक्षात पैसे मागणारी विनंती धाडायची. समोरच्याने पैसे मिळतील या समजुतीने पिन टाकला की त्याच्याच खात्यातून रक्कम जाई. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींनी व्यक्तींना अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली.

२४/
जेथे एस्क्रो आहे तेथेही जुनी गोष्ट नवे रूप घेऊन परतली आहे. ज्या संकेतस्थळावर पैसे मधे अडकून राहतात, तेथे विक्रेता कॅमेरा आधीच स्वस्त मांडतो. ग्राहकाने विचारणा केली की खासगी संदेशात सांगतो : 'येथे कमिशन फार कापतात. थेट माझ्या खात्यात पैसे टाका, आणखी दोन हजार कमी करतो.'

कमिशन खरोखरच कापले जाते, त्यामुळे कारण पटते. पहिली सवलत ग्राहकाला जाहिरातीपर्यंत आणते. ही दुसरी त्याला आडत्याच्या दुकानातून बाहेर काढण्यासाठी असते, आणि तिचा आकडा बहुधा त्या कमिशनपेक्षा थोडासाच मोठा ठेवलेला असतो.